पोटातले जंतू, आपण आणि आपली कुत्री-मांजरं: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त सारखे होते ते एकत्र केले. बहुतेक जण एन्डोस्कोपीचा रिपोर्ट हातात आणि कुत्रा पायाशी अशा अवस्थेत विचारतात. मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बायोप्सीच्या स्लाइड करणं हे रोजचं काम आणि घरी एक बोका. त्यामुळे औषधं कुठली घ्यायची हे मला विचारू नका, बाकी सांगते.

१. रिपोर्टमध्ये एच. पायलोरी पॉझिटिव्ह आलंय आणि घरात कुत्रा आहे. कुत्र्यामुळेच झालं ना?

जवळजवळ नक्कीच नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा माणसाच्या पोटात राहणारा जंतू आहे आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो, तोही बहुतेकदा लहानपणी, घरातल्या घरात, आईकडून किंवा भावंडांकडून. जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या पोटात तो आहे असं धरलं जातं आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळलेला नसतो. म्हणजे तुमचा कुत्रा घरात यायच्या कितीतरी वर्षं आधी हा पाहुणा येऊन बसलेला असणार, रिपोर्ट फक्त आत्ता आला.

आमच्याकडे बाबांचा रिपोर्ट आला तेव्हा घरात पहिला ठराव काय झाला, तर बोक्याला कुणाकडे तरी देऊन टाका. मग आईची आणि माझी टेस्ट केली तर आम्ही दोघीही पॉझिटिव्ह. बोका घरात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. ठराव मागे घेतला.

२. पण व्हेट म्हणाले की आमच्या कुत्र्याच्या पोटातही हेलिकोबॅक्टर आहे. मग?

असणारच. धडधाकट, खाऊन पिऊन मस्त असलेल्या बहुतेक कुत्र्या-मांजरांच्या पोटात हेलिकोबॅक्टर सापडतात. पण हेलिकोबॅक्टर हे आडनाव समजा, त्या आडनावाची माणसं बरीच आहेत. कुत्र्या-मांजरांत असतात ते फेलिस, बिझोझेरोनाय, सालोमोनिस, हेलमनाय असे, पायलोरी नव्हे. रिपोर्ट वाचताना पुढचं नाव वाचा, सगळा घोळ तिथेच होतो.

३. एकाच घराण्यातले आहेत तर दिसायला तरी वेगळे असतात का?

हो, आणि हा माझा आवडता प्रश्न. मायक्रोस्कोपखाली पायलोरी म्हणजे छोटासा, एखाद-दोन वळणांचा, स्वल्पविरामासारखा, ३ मायक्रॉनच्या आसपास (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पोटाच्या अस्तरावरच्या चिकट थरात हे थव्याने दिसतात. कुत्र्या-मांजरांतले मात्र ५ ते १० मायक्रॉन लांब आणि बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखे घट्ट पीळ दिलेले, आणि थव्याने नाही तर इथे दोन तिथे एक असे विखुरलेले. एकदा बघितलं की विसरत नाही माणूस. माणसाच्या बायोप्सीत असा पीळदार दिसला तर आम्ही पुन्हा लेबल तपासतो की स्लाइडची अदलाबदल तर नाही ना झाली, इतका तो कमी दिसतो.

४. पोटात एवढं ॲसिड असताना जंतू जगतो कसा?

युरिएज नावाच्या एन्झाइमच्या जोरावर. पोटातल्या युरियाचे तो तुकडे करतो, त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, अमोनियामुळे जंतूच्या आजूबाजूचं ॲसिड मारलं जातं आणि तेवढ्या वेळात तो पोहत पोहत चिकट थराच्या आत घुसतो, तिथे ॲसिड तसंही कमीच. ही युक्ती कुत्र्या-मांजरांतल्या भावंडांनाही येते.

टेस्टसुद्धा यावरच चालते. एन्डोस्कोपीत काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलमध्ये खोचून ठेवतात, युरिएज असेल तर अमोनियामुळे पिवळा रंग गुलाबी होतो. जंतू भरपूर असले तर पाच-दहा मिनिटांत तुकड्याभोवती गुलाबी कडं उमटायला लागतं. पण एक लक्षात घ्या, कुत्र्याच्या पोटातला तुकडा ठेवला तरी तो गुलाबीच होईल. जेलला फक्त युरिएज कळतं, आत पायलोरी आहे की फेलिस ते नाही कळत.

५. हे जंतू आधी माणसात सापडले का प्राण्यांत?

प्राण्यांत, आणि तेही जवळपास नव्वद वर्षं आधी. इटलीत तुरिनला जुलिओ बिझोझेरो होते (रक्तातल्या प्लेटलेट्सचं काम समजावून सांगणारे तेच), त्यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला कुत्र्यांच्या पोटात पीळदार जंतू पाहून त्यांची चित्रं काढली. १८९६ मध्ये ह्यूगो सालोमोन यांनी ते कुत्रा, मांजर आणि उंदीर तिघांत पाहिले, वर ते पांढऱ्या उंदरांना खाऊ घालून त्यांच्या पोटात वाढतात हेही दाखवलं. वरची बिझोझेरोनाय आणि सालोमोनिस ही नावं यांचीच.

माणसातला पायलोरी लॅबमध्ये वाढवला गेला तो थेट १९८२ मध्ये, ऑस्ट्रेलियात पर्थला, रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी. आणि तेही कसं, तर ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेट नेहमीपेक्षा जास्त दिवस इन्क्युबेटरमध्ये राहिल्या म्हणून, हा जंतू मुळात हळू वाढतो आणि आधीच्या प्लेट दोन दिवसांत फेकून दिल्या जायच्या. कुणी विश्वास ठेवेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं आणि स्वतःच्या पोटाला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पोटाच्या कॅन्सरचं कारण म्हणून पायलोरीची नोंद १९९४ मध्येच झाली होती.

६. म्हणजे प्राण्यांकडून माणसाला हेलिकोबॅक्टर होतच नाही?

होतो, पण क्वचित. पोटाच्या त्रासासाठी बायोप्सी झालेल्यांपैकी साधारण ०.२ ते ६ टक्के लोकांत हे प्राण्यांकडचे पीळदार हेलिकोबॅक्टर सापडलेत. १९८७ मध्ये माणसात पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांचं नावच वेगळं ठेवलं होतं, गॅस्ट्रोस्पिरिलम होमिनिस, नंतर लक्षात आलं की ही एक जात नाही, बऱ्याच जातींचं मिश्रण आहे. गंमत म्हणजे माणसात सापडणाऱ्यांमध्ये सगळ्यात पुढे कुत्र्या-मांजरांचे नाहीत, डुकरांच्या पोटातला सुईस आहे. फेलिस, बिझोझेरोनाय, सालोमोनिस त्याच्यामागून येतात. रुग्ण आणि त्याचा पाळीव प्राणी दोघांत मिळताजुळता जंतू निघाल्याच्या केसेस आहेत, पण त्यातून सुद्धा कुणी कुणाला दिला हे ठामपणे सांगता येत नाही.

त्रास होतो तो बहुतेकदा सौम्य गॅस्ट्रायटिसचा, म्हणजे पोटाच्या अस्तराला आलेल्या सुजेचा. अपवाद प्रश्न १८ मध्ये आहे.

७. आणि उलटं? आपल्याकडून मांजराला?

याकडे कुणी बघतच नाही, आणि खरं तर गोष्ट इथे आहे! १९९४ मध्ये संशोधनासाठी वाढवलेल्या मांजरांच्या एका समूहात चक्क पायलोरी सापडला आणि लगेच मांजरांमुळे अल्सर होतो अशी हवा झाली. पण नंतर रस्त्यावरच्या आणि घरच्या मांजरांत शोधला तर तो मिळेना, तिथे फेलिस आणि हेलमनायच. त्या लॅबच्या मांजरांना तो त्यांना हाताळणाऱ्या माणसांकडूनच मिळाला असावा असं आता बहुतेक जण मानतात.

याहून जुना पुरावा चित्त्याच्या पोटात आहे. चित्ते, सिंह, वाघ यांच्यात ॲसिनोनायकिस नावाचा हेलिकोबॅक्टर असतो, तो पायलोरीचा अगदी सख्खा, आणि दोघांचे जीनोम शेजारी ठेवून बघितल्यावर निष्कर्ष निघाला की जंतू माणसाकडून मोठ्या मांजरांत गेला, सुमारे २ लाख वर्षांपूर्वी (अंदाज आहे, बराच मागेपुढे होऊ शकतो). कसा गेला याचा अंदाज तुम्हीच करा, कुणी कुणाला खाल्लं असेल ते.

८. कुत्रा तोंड चाटतो. चाटू द्यावं का?

पायलोरीची भीती असेल तर त्या कारणासाठी थांबवायची गरज नाही. पण बाकीच्या कारणांसाठी मी तोंड आणि जखम या दोन जागा वगळायला सांगते. कुत्रा दिवसभर कुठे कुठे तोंड घालतो ते आठवा, स्वतःचं मागचं अंग, दुसऱ्याची शी, कधी स्वतःचीच उलटी, आणि मग थेट तुमच्या ओठांवर. पोटातले जंतू तोंडात येतात ते उलटीतून आणि आतड्यातले येतात ते शीतून, लाळ फक्त वाहतूक करते. हात चाटला तर हात धुवा, संपलं. स्प्लीन (प्लीहा) काढलेली असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर मात्र कुत्र्याच्या लाळेतला कॅप्नोसायटोफेगा हा जंतू जिवावर बेतू शकतो, अशांनी जखमेवर चाटू देणं किंवा चावल्यावर घरी बसून राहणं अजिबात नको.

९. कुत्र्याला सारख्या उलट्या होतात. त्याची हेलिकोबॅक्टरची टेस्ट करून घेऊ?

टेस्ट पॉझिटिव्ह येईल, हे मी न करताच सांगते (प्रश्न २ बघा), आणि त्यातून कळणार काहीच नाही. उलट्यांची कारणं आधी दुसरीकडे शोधायची असतात: खाण्यातला बदल, जंत, गिळलेली वस्तू, किडनी, लिव्हर, पॅन्क्रियाज, आणि घरातल्या कुणीतरी प्रेमाने दिलेली पेनकिलर. ते सगळं बघून झालं, एन्डोस्कोपीत पोटाला सूज दिसली आणि तिथेच ढिगाने जंतू दिसले, तर व्हेट दोन-तीन आठवडे दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारं औषध देऊन बघतात. बऱ्याच प्राण्यांना बरं वाटतं, पण बऱ्याच जणांत जंतू काही महिन्यांनी परत दिसतात आणि प्राणी तरी मजेत असतो. त्यामुळे जंतूचा दोष किती आणि नाही किती यावर व्हेट लोकांतही एकमत नाही.

१०. माझा पायलोरीचा कोर्स चालू आहे, कुत्र्यालाही त्याच गोळ्या देऊन टाकू का, एकदमच दोघांचं होऊन जाईल?

नाही नाही नाही. दोघांचे जंतूच वेगळे, तर एकदम काय होणार? वर डोस वजनावर ठरतात. आणि मांजर असेल तर जास्तच जपा, कारण पायलोरीच्या काही कोर्समध्ये बिस्मथ सबसॅलिसिलेट असतं, ते ॲस्पिरिनच्या घराण्यातलं, मांजराच्या लिव्हरला ते वेळेत निचरा करता येत नाही आणि विषबाधा होते. पॅरासिटामॉल तर मांजराला एक गोळीसुद्धा मारू शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात खरेखुरे अल्सर होतात, म्हणजे जो अल्सर जंतूमुळे झाला म्हणून तुम्ही घाबरताय तो तुम्हीच गोळीने कराल.

११. कोर्स पूर्ण केला तरी पुन्हा पॉझिटिव्ह. कुत्राच परत परत देतोय का?

नाही. वर्षाच्या आत पुन्हा पॉझिटिव्ह आलं तर बहुतेकदा तो जुनाच जंतू असतो, पूर्ण मेलेलाच नसतो. कारणं दोन: एक तर क्लॅरिथ्रोमायसिन या कोर्समधल्या अँटिबायोटिकला तो दाद देत नाही, हे आता पुष्कळ ठिकाणी झालंय, आणि दुसरं म्हणजे १४ दिवसांचा कोर्स आठव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडलेला असतो. तोंड कडू होतं, मळमळतं, मान्य आहे, पण अर्धवट सोडलेला कोर्स न घेतलेल्यापेक्षा वाईट. डॉक्टर दुसऱ्या औषधांचा कोर्स देतात, आधीचीच चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जाऊ नका. घरात कुणाची टेस्ट करायचीच असेल तर नवरा, बायको, आई, मुलं यांची करा.

१२. ब्रेथ टेस्ट निगेटिव्ह आली पण त्रास तसाच आहे. टेस्ट चुकू शकते का?

ब्रेथ टेस्ट (युरिया पाजून नंतर श्वास तपासतात ती) चुकू शकते, आणि बहुतेक वेळा चूक टेस्टची नसते, आधीच्या तयारीची असते. ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे) टेस्टच्या आधी २ आठवडे आणि अँटिबायोटिक किंवा बिस्मथ ४ आठवडे बंद असायला लागतं, नाहीतर जंतू दबलेले असतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. बाबांची पहिली टेस्ट एका सेंटरला झाली, तिथे नाव, वय, पैसे सगळं विचारलं, गोळ्या चालू आहेत का एवढंच विचारलं नाही. निगेटिव्ह! आठ महिने आम्ही निवांत. गोळ्या अर्थात स्वतःच्या मनाने थांबवू नका, अल्सरमधून रक्त गेलेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

दुसरी शक्यता अशी की पोटात पायलोरी नसून प्रश्न ६ मधला पीळदार असेल. ते विरळ असतात म्हणून ब्रेथ टेस्ट पुष्कळदा निगेटिव्ह येते, आणि स्टूल अँटिजेन टेस्ट (शीत जंतूचे अंश शोधणारी) बनवलीये पायलोरीसाठी, तीही हुकू शकते. तिथे बायोप्सीच लागते, तीसुद्धा एकापेक्षा जास्त जागांची.

१३. मग पाळीव प्राण्यांकडून पोटाचं काही होतच नाही म्हणायचं?

असं मी कुठे म्हटलं? लोक पोटातल्या जंतूला घाबरतात आणि आतड्यातल्याला विसरतात, आणि प्राण्यांकडून खरोखर येतात ते आतड्यातले. सगळ्यात आधी कॅम्पिलोबॅक्टर, त्यातही पिल्लांकडून. नवीन पिल्लू घरी आणलं, त्याला पातळ शी होतेय, मुलं त्याला कुशीत घेऊन बसलीयेत आणि दोन ते पाच दिवसांनी घरात ताप, पोटात मुरडा, कधी रक्ताचे जुलाब, हे अगदी नेहमीचं चित्र. पिल्लू दिसायला ठणठणीत असलं तरी देऊ शकतं. बहुतेकांना आठवड्याभरात आपोआप बरं वाटतं. पण हजारात एखाद्याला नंतर गियाँ-बारे होतो, म्हणजे पायांपासून ताकद जायला लागते, तेव्हा जुलाबानंतर पाय लुळे वाटले तर थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

दुसरा सॅल्मोनेला. तो सरडे, साप, कासवं, कोंबडीची पिल्लं यांच्याकडून जास्त, आणि कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्या-मांजरांकडून (प्रश्न १५).

१४. छोटं कासव पाळलंय, त्याला तर कधी जुलाब होत नाहीत. तेही धोक्याचं?

कासव सॅल्मोनेला घेऊनच मजेत जगतं, आणि तो रोज बाहेर पडत नाही, अधूनमधून पडतो, म्हणून एकदा टेस्ट निगेटिव्ह आली याला काही अर्थ नाही. अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा छोट्या कवचाची कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे, कारण काय तर तेवढं कासव लहान मुलांच्या तोंडात मावतं. टाकीचं पाणी किचनच्या सिंकमध्ये ओतू नका. बाकी पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर कासव नकोच.

१५. कुत्र्याला कच्चं मांस देतो, फ्रीझरमध्ये ठेवून देतो म्हणजे जंतू मरतात ना?

मरत नाहीत, झोपतात. फ्रीझरमधून काढून वितळलं की सॅल्मोनेला पुन्हा कामाला लागतो. कुत्र्याला स्वतःला कदाचित काहीच होणार नाही, पण त्याच्या शीतून, थाळीतून, तोंडातून तो घरभर फिरतो. द्यायचंच असेल तर शिजवून द्या. मला यावर दर वेळी लांबलचक वाद घालणारे मेसेज येतात, माझं मत बदललेलं नाही.

१६. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं रोज घेतो. प्राणी असताना काही फरक पडतो?

पडतो, चांगला प्रश्न आहे. पोटातलं ॲसिड म्हणजे दारावरचा वॉचमन, गिळलेले पुष्कळ सॅल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर तिथेच मरतात. गोळीने वॉचमन झोपवला की कमी जंतूंतही आजार होऊ शकतो. म्हणून शी उचलल्यावर, मांजराच्या शीचा ट्रे (लिटर) साफ केल्यावर हात साबणाने धुणं तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागू. ६५ च्या पुढचे, गरोदर बायका, तान्ही बाळं, केमो चालू असलेले यांनाही हेच, आणि जमलं तर ते काम दुसऱ्या कुणाला द्यावं. नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, सी. डिफिसिल या जुलाब करणाऱ्या आतड्यातल्या जंतूच्या बीजाणूंना अल्कोहोल काही करत नाही.

१७. ऐकलंय की कुत्रा पाळला की आपले आणि त्याचे जंतू सारखे होतात. हे चांगलं की वाईट?

२०१३ मध्ये ६० कुटुंबांचा अभ्यास आला होता, त्यात एका घरातल्या माणसांचे आणि कुत्र्यांचे जंतू जुळतात असं दिसलं, पण जास्त करून कातडीवरचे. पोटा-आतड्यातले तितके नाही. त्यामुळे कुत्र्याने माझं पचन सुधारलं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

वाटले जाऊ नयेत ते म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू. अमेरिकेत २०१६ ते २०१८ मध्ये दुकानातून आणलेल्या पिल्लांमुळे शंभराहून जास्त लोकांना कॅम्पिलोबॅक्टर झाला आणि तो नेहमीच्या अँटिबायोटिकला दादच देईना. तपासलेल्या पिल्लांपैकी ९५ टक्क्यांना आधीच अँटिबायोटिक दिली गेली होती, कित्येकांना तर आजारी नसताना. प्रश्न ९ मध्ये कुत्र्याला उगाच कोर्स देऊ नका म्हटलं ते यासाठीही.

१८. माझ्या बायोप्सीत "हेलिकोबॅक्टर हेलमनाय सदृश" असं लिहून आलंय. दोन मांजरं आहेत. आता काय?

आधी, मांजरं घरातच ठेवा. नंतर रिपोर्ट गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा, त्रास असेल तर उपचार साधारण पायलोरीसारखेच असतात आणि बहुतेकांत जंतू जातात. हे टाळून चालणार नाही कारण प्रश्न ६ मधला अपवाद हाच: या जंतूंच्या जोडीला माल्ट लिम्फोमा नावाचा पोटाचा सावकाश वाढणारा कॅन्सर दिसायचं प्रमाण पायलोरीपेक्षाही जास्त असल्याचं आढळलंय. आकडा तरीही छोटाच, आणि सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर कित्येकदा नुसते जंतू घालवल्यावर तो विरघळून जातो.

डॉक्टरांना मांजरांबद्दल न विचारता सांगा, आणि कधी डुकरांशी किंवा कच्च्या डुकराच्या मांसाशी कामानिमित्त संबंध आला असेल तर तेही. मांजरांवर उपचार सरसकट करत नाहीत. तुमचा कोर्स नीट पूर्ण होऊनही तोच पीळदार जंतू पुन्हा पुन्हा येत राहिला, तर तुमचे डॉक्टर आणि व्हेट या दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलून मांजरांचं बघायचं असतं. हा फोन सहसा होत नाही, दोघांचे नंबर एकमेकांना तुम्हीच द्या.